बांबूचा कागद

कपाटाच्या तळाशी पडलेली एखादी जुनी वही काढा. वडिलांची असेल, तुमची स्वतःची असेल; सत्तर-ऐंशीच्या दशकातली असली म्हणजे झालं. पानं पिवळी पडलेली, कडा कसरीने कुरतडलेल्या. एक पान उजेडासमोर धरा. आडवेतिडवे बारीक तंतू दिसतात ना, त्यांत बांबूचे तंतू असण्याची शक्यता बरीच आहे, कारण त्या काळी आपल्याकडचा कितीतरी कागद बांबूच्या लगद्यापासून व्हायचा. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. वहीवर नाव, इयत्ता, तुकडी लिहायला चौकट होती. वही कुठून आली ते लिहायला जागा नव्हती.

त्या तंतूचं टोक धरून मागे मागे चला. लगदा, भट्टी, वजनकाटा, ट्रकांची रांग, लाल धूळ. आणि मग एकदम सावली.

तुम्ही १९८० च्या आसपास येऊन पोचलात. पायाखालची जमीन चंद्रपूर जिल्ह्याची आहे. गडचिरोली वेगळा व्हायला अजून दोनेक वर्षं आहेत, तो २६ ऑगस्ट १९८२ ला होईल. धानोऱ्याच्या वाटेवर लेखा नावाचं गाव लागतं, तिथून आत वळलं की मेंढा. गोंडांची वस्ती, घरं शंभराच्या आत. एका अंगाला कठाणी नदी, बाकी तिन्ही अंगांनी जंगल.

कुऱ्हाडींचा आवाज येतोय तिकडे वळा. कागद कारखान्यासाठी तोड चालू आहे. समोरचं बांबूचं बेट म्हणजे एक एकत्र कुटुंब समजा: मधोमध जुनी खोडं, कडेकडेला यंदाच्या पावसात फुटलेली कोवळी. जुना काढावा आणि कोवळ्याला हात लावू नये, हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही. पण तोडणाऱ्याला पैसे मिळतात ते बंडलामागे. मधल्या जुन्या खोडापर्यंत कुऱ्हाड पोचवायला बेटात शिरावं लागतं, वेळ जातो. कोवळं कडेलाच असतं, हाताशी. मग काय होणार ते तुमच्या डोळ्यांसमोर होतंय. तुकड्यांची चळत ट्रकात चढते आहे.

घर शाकारायचं म्हणून तुम्हीही एक बांबू खांद्यावर टाकता आणि गावाकडे निघता. वळणावर जंगलचा गार्ड उभा आहे. "थांब. कुठून आणलास?" तुम्ही मागे बोट दाखवता. मागून ट्रक धुरळा उडवत निघून जातो. त्याला कुणी थांबवत नाही, कारण त्याच्याकडे कागद आहे. तुमच्याकडे नाही. सुटका कशी होते ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कधी कोंबडी, कधी शेरभर मोहफुलं, कधी दोन दिवस फुकट काम.

इथे कथा थांबवून थोडं आडवं जाऊ, कारण राहवत नाही. याच सुमारास, १९७५ नंतर, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास करत होते. तिथल्या कागद गिरणीला सरकारने बांबू दिला होता टनाला दीड रुपया दराने. टोपल्या विणणाऱ्याला बाजारात त्याच मालाला कितीतरी पट मोजावे लागत. गिरणीची माणसं बेटांच्या बुंध्याचं काटेरी कुंपण साफ करत, वाढ चांगली होते या समजुतीने. आसपासचे गावकरी म्हणत, काटे काढू नका, ते काढले की गुरं कोवळे कोंब खातात. गाडगीळांनी मोजमाप केलं, आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. पदवी घेतलेला माणूस मोजायला येईपर्यंत ते म्हणणं ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

आता आणखी मागे.

१९२७. या वर्षात फार वेळ काढायचा नाही, कारण इथे जंगल नाहीच, फक्त टेबल आहे. भारतीय वन कायद्याचा मसुदा पुढ्यात आहे. कलम दोनमधल्या व्याख्या वाचा. 'वृक्ष' या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडपं आणि वेतही धरले आहेत. वनस्पतिशास्त्र शिकलेलं कोणीही सांगेल की बांबू हे गवत आहे, भाताचा आणि उसाचा भाऊबंद. पण शाई वाळली आणि गवताचं झाड झालं. तेवढ्याने काय बिघडलं, असं वाटत असेल. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि लाकूड म्हणजे सरकारचं. ही व्याख्या लक्षात असू द्या, चौऱ्याऐंशी वर्षांनी हीच आडवी येणार आहे. या कायद्याचं मूळ १८७८ च्या कायद्यात. राखीव वन, संरक्षित वन असे शब्द तिथून आले. गावाचं म्हणून 'ग्रामवन' राखण्याची तरतूदही त्यात होती. ती वापरायची फारशी कुणाला आठवण झाली नाही.

त्याच्याही मागे गेलात तर कागद संपतो. तारीख सांगता येत नाही. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, पूर्वेकडचा मुलूख, जमीनदाऱ्या, आणि त्यांच्या नावापुरत्या हुकमतीखालचं रान. पहाट आहे. मोहाखाली बायका वाकून फुलं वेचताहेत, टोपल्या बांबूच्या. वाटेच्या एका अंगाला दाट झाडी आहे, तिथे पेन राहतो. पेन म्हणजे देव. तिथलं लाकूड कुणी आणत नाही. मात्र या पहाटेवर लगेच हळदकुंकू वाहू नका. हीच माणसं शिकार करतात, रानाला आग लावून फिरती शेती करतात, आग्या मोहोळ मशालीने जाळून मध काढतात. वस्ती विरळ आहे, रान अफाट आहे, म्हणून ते सगळं पचून जातं. आदिवासी जन्मतःच निसर्गपूजक असतो आणि म्हणून जंगल टिकतं, ही शहरी माणसाची आवडती समजूत मला कधी पटलेली नाही. त्यात कौतुक असतं, पण माणसाला विचार करावा लागतो, चुकावं लागतं, चूक दुरुस्त करावी लागते, हे कबूल केलेलं नसतं.

पुढे या. १९५० नंतरची वर्षं. जमीनदारी गेली. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात. १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात जाईल. गावाला 'निस्तार'चे हक्क मिळाले: जळण, चराई, घराला लाकूड, बांबू. निस्तार म्हणजे रोजच्या जगण्याची गरज भागवणं. विदर्भाबाहेरच्या महाराष्ट्रात हा शब्द फारसा कुणी ऐकलेला नसतो. हक्क कागदावर लिहिले गेले आणि कागद कचेरीत राहिला. मधल्या काळात मेंढ्यातल्या माणसाला कुणी विचारलं असतं की हे जंगल कुणाचं, तर त्याने खाली बघून उत्तर दिलं असतं: सरकारचं. आणि जे सरकारचं, ते सांभाळायचं काम सरकारचं. आग दिसली तर विझवायला कशाला धावायचं? आज झाड आपण नाही तोडलं तर उद्या ठेकेदार तोडणारच. मला विचाराल तर जंगलाचं खरं नुकसान या वाक्यानेच झालं. कुऱ्हाडीचा नंबर नंतरचा.

१९८४. उन्हाळ्याचे दिवस, आणि तुम्ही गर्दीत आहात. इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम आणि इचमपल्ली ही दोन मोठी धरणं होणार, जंगल आणि गावं बुडणार, म्हणून माणसं चालत निघाली आहेत. आदिवासी नेते लालशाम शहा महाराज आहेत, बाबा आमटे आहेत. 'जंगल बचाव, मानव बचाव.' शेजारी चालणारी बाई तुम्हाला विचारते, "कोन्या गावचे?" तुम्ही काहीतरी सांगता. तिचं गाव बुडणाऱ्यांत नाही. तरी ती आली आहे, पाठीला पोर बांधून. धरणं पुढे बासनात गुंडाळली गेली. पण परतीच्या वाटेवर मेंढ्याच्या लोकांच्या डोक्यात एक विचार शिरला तो राहिलाच: एवढं मोठं धरण आपण बोलून थांबवू शकतो, तर गावातलं आपण का ठरवू नये?

इथे जरा थांबू या, घाई नाही. पुढची काही वर्षं सावकाश बघण्यासारखी आहेत. देवाजी तोफा हा गावचाच माणूस. मोहन हिराबाई हिरालाल हा बाहेरून आलेला कार्यकर्ता, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणारं गाव शोधत फिरणारा. दोघांची गाठ पडली. गावात आधीपासून एक रीत होतीच; तिला त्यांनी नव्याने धार लावली. बहुमत नाही. हात वर करणं नाही. बायका-पुरुष दोघांनी बसायचं, आणि एकही माणूस नको म्हणाला तर निर्णय पुढच्या बैठकीवर. तुम्ही मागे भिंतीला टेकून बसा. दोन तासांत तुम्ही जांभई द्याल. शहरात आपण अकरा विरुद्ध दहाने ठराव करतो आणि घरी जेवायला जातो. ते दहाजण मग वर्षभर काड्या घालत बसतात. इथे वेळ आधीच खर्च करतात.

त्या बैठकांतून पहिला मोठा निर्णय निघाला तो दारूबंदीचा, बायकांच्या आग्रहाने. मग घोटुल. पोरापोरींनी एकत्र येऊन शिकायचं घर. बाहेरच्या लेखकांनी त्यावर नको ते बरंच लिहिलंय, ते सोडा. मोडकळीला आलेलं घोटुल पुन्हा बांधायचं ठरलं, लाकूड जंगलातून आणलं, परवानगीचा कागद मात्र घेतला नाही. गावच्या घरासाठी गावच्या रानातलं लाकूड आणायला कुणाला विचारायचं?

सकाळी तुम्ही गावात येता तेव्हा खांब उपटलेले आहेत. वनविभागाची माणसं येऊन घोटुल पाडून लाकूड घेऊन गेली आहेत. कुणी आरडाओरडा करत नाही. एक म्हातारा खळग्यात पाय सोडून बसला आहे. "पुन्हा बांधू," एवढंच म्हणतो. पुढची खबर आसपासच्या गावांतून येते: त्यांनीही आपापल्या गावात घोटुल बांधायला घेतलं आहे, तसंच, विना परवानगी. एका गावावर गुन्हा दाखल करता येतो. सगळ्यांवर कसा करणार? मेंढ्याचं घोटुल पुन्हा उभं राहिलं.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' ही घोषणा त्या दिवसांची. वाचायला गोड वाटते. पण सरकार व्हायचं म्हणजे नियमही स्वतःच करायचे आणि आधी स्वतःलाच लावायचे. जळणासाठी, घरासाठी लागेल ते जंगलातून आणायचं, कुणाला लाच द्यायची नाही. पण रानाला आग लावायची नाही. जंगलात शेतीसाठी नवं अतिक्रमण करायचं नाही. फळांसाठी झाड आडवं करायचं नाही. चारोळी, आवळा वर चढून काढायचा. बाहेरच्याने ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही न्यायचं नाही. आणि कागद कारखान्याची तोड त्यांनी अडवली. बेटांच्या कडेला कोवळे कोंब पुन्हा दिसू लागले, पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे कोंबांची, भाजी पुन्हा घराघरात शिजू लागली.

मला सगळ्यांत भावतो तो मधाचा किस्सा. गावात 'अभ्यास गट' असतो: निर्णय ग्रामसभेने घ्यायचा, त्याआधी अभ्यास गटाने विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाद घालायचा. मध हा असाच एक विषय. मशाल लावली की माश्या जळतात, पोळं अख्खं जातं, पुढच्या वर्षी झाड रिकामं. बाहेर कुणीतरी दुसरी पद्धत काढली आहे असं कळलं: अंगभर पोशाख घालायचा, माश्या न मारता हलवायच्या आणि पोळ्याचा फक्त मधाने भरलेला भाग कापायचा, अंड्या-अळ्यांचा भाग तसाच ठेवायचा. गावाने ती शिकून घेतली. पिढ्यान्‌पिढ्यांची मशाल त्यांनी विचार करून खाली ठेवली. परंपरा पवित्र म्हणून टिकवायची असती तर हे घडलंच नसतं. बघा, फांदीवरचा माणूस पोशाखात विचित्र दिसतोय, पोरं खालून हसताहेत. तुमच्या हातावर पोळ्याचा तुकडा ठेवतात. त्यात मेलेली माशी नाही.

१९९२ ला राज्य सरकारने संयुक्त वन व्यवस्थापनाची योजना आणली: गाव आणि वनविभाग मिळून जंगल राखणार. मेंढ्याने अर्ज केला. उत्तर काय मिळावं? योजना उजाड झालेल्या जंगलांसाठी होती. मेंढ्याचं जंगल चांगलं उभं होतं, म्हणून ते बसत नव्हतं. राखलं हाच गुन्हा. गावाने भांडून योजनेत शिरकाव करून घेतला.

आता २००९. तुमच्या हातात पुन्हा कागद आहे, पण या वेळी तो गावाच्या नावाचा आहे. वनहक्क कायदा संसदेने २००६ मध्ये केला. मेंढ्याने दावा दाखल केला आणि देशात सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचं नाव लागलं. सुमारे १८०० हेक्टर. कायदा स्पष्ट म्हणतो: गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क गावाचा, आणि गौण वनोपजात बांबू येतो. झालं, आता बांबू विकू या.

बांबू कापला. वाहतूक परवाना मागितला. परवाना मिळेना. कारण? कारण १९२७ च्या कायद्यात बांबू अजून झाड आहे. २००६ च्या कायद्यात तो गौण उपज आहे. वनस्पतिशास्त्रात तो गवत आहे. आणि ट्रकात तो गुन्हा आहे. तुम्ही त्या कापलेल्या बांबूवर बसलेले आहात, महिनोन्‌महिने. एक गावकरी तुमच्याकडे बघून म्हणतो, "गाय खाते का बांबूचा पाला? खाते. मग?" यावर कुठल्या साहेबाकडे उत्तर नव्हतं.

मार्च २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबूला गौण वनोपज माना. २७ एप्रिल २०११. मेंढ्यात मांडव आहे, ऊन चाळिशीपलीकडे, मोहाचा बहर सरत आलेला. रमेश आले आहेत, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले आहेत. वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं जातं. आता परवाना देणार ग्रामसभा. जवळ जाऊन त्या पुस्तकाचं पान हाताने चाचपून बघा. कसल्या लगद्याचं आहे, कोण जाणे. ज्या वळणावर गार्डने तुम्हाला थांबवलं होतं, त्याच वळणावरून आज बांबूचा ट्रक जाणार, आणि त्याच्या कागदावर सही मेंढ्याची असणार.

बाकीचं थोडक्यात. २०१३ मध्ये मेंढ्याने स्वतःच्या शेतजमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. सगळीकडे मेंढा झालेलं नाही, होणारही नाही. काही ठिकाणी ठेकेदार नव्या रूपात परत आले, काही ग्रामसभा नावापुरत्या आहेत. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला एक फेरी मारा. त्यांना २०१२ ला हक्क मिळाला, १००६ हेक्टरवर. तेंदूपानांचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातली रोकड. पण पानं कोवळी, मोठी यावीत म्हणून झुडपं छाटतात, रानात आगी लावतात. पाचगावने हिशेब मांडला आणि ठरवलं: पानं तोडायची नाहीत. रोकड बुडाली. मात्र झुडपांना वाढू दिलं की ती झाडं होतात आणि फळं धरतात. टेंभरं माणसंही खातात, अस्वलंही. शिवाय आपल्या जंगलातला एक चांगला तुकडा त्यांनी नव्याने देवाच्या नावाने राखला. देवराया फक्त वाडवडिलांनीच करून ठेवायच्या असतात, असं तुम्हा-आम्हाला वाटत होतं. २०१२ नंतर कुणी नवी केली, हे ऐकून माझा आधी विश्वासच बसला नव्हता.

परत येण्याआधी एका गोष्टीपासून सावध करतो. जागतिक परिषदांच्या व्यासपीठांवरून एक आकडा फार फिरतो: जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासींच्या हाती आहे. २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात शास्त्रज्ञांनी तपासून लिहिलं की या आकड्याला आधारच नाही. आदिवासींच्या बाजूने बोलायला खोटा आकडा लागत नाही. २०१८ च्या अभ्यासानुसार जगाच्या भूभागापैकी चौथा हिस्सा, जवळपास ३ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर, अशा समाजांच्या मालकीत किंवा वहिवाटीत आहे. हा आकडा पुरेसा मोठा आहे. आणि मेंढ्याला यातला कुठलाच आकडा पाठ नाही. त्यांना १८०० हेक्टर पाठ आहे, बेटागणिक.

वही आता मिटा. कधी मेंढ्याला जावंसं वाटलं तर सरळ गाडी काढून जाऊ नका. आधी ग्रामसभेला पत्र लिहा, काय शिकायला येताय ते नीट सांगा, आणि उत्तराची वाट बघा. एकाने जरी नको म्हटलं तर निर्णय पुढच्या बैठकीवर जातो, तेव्हा उत्तराला वेळ लागेल.